फेरोईज 'एयगा', नॉर्वेजियन 'ओये': डोळा एकच, मग रूपं इतकी वेगळी का?

विभक्तिवेडा (प्रश्न)

डोळ्याला फेरोईजमध्ये (फेरो बेटांच्या भाषेत) 'एयगा' म्हणतात आणि नॉर्वेजियनमध्ये 'ओये' किंवा 'आउगे'. तिन्हींचं मूळ प्राचीन नॉर्समधलं 'आउगा', हे कुठल्याही कोशात सापडतं. घोडं अडतं ते रूपं चालवताना.

लिप्यंतराबद्दल आधी सांगून ठेवतो, म्हणजे गोंधळ नको. शब्द मूळ लेखनातल्या अक्षरांप्रमाणे देवनागरीत उतरवले आहेत. एद नावाच्या अक्षरासाठी 'ध', आडवी रेघ मारलेल्या ओसाठी 'ओ', साध्या ओसाठी आणि डोक्यावर गोल असलेल्या नॉर्वेजियन अक्षरासाठी 'ऑ'. प्रत्यक्ष उच्चार वेगळा असेल तर तो स्वतंत्र सांगावा.

माझी आत्तापर्यंतची मांडणी अशी:

१. एयगा आकारान्त आहे, म्हणून स्त्रीलिंगी धरलं. 'गेन्ता' (मुलगी) चं निश्चित रूप (म्हणजे 'ती मुलगी') 'गेन्तान' होतं, त्या धर्तीवर 'एयगान' केलं. मजकुरात मात्र सगळीकडे 'एयगाध' दिसतं.

२. 'माझ्या डोळ्यात काहीतरी आहे' यासाठी 'एग हावी ऑक्कुर्त ई एयगाध' असं वाक्य केलं. ते चुकलंय असं कळलं, पण का ते कळलं नाही.

३. नॉर्वेजियन 'ओये'चं अनेकवचन नियमाने 'ओयेर' व्हायला हवं. ते 'ओयने' का होतं? हा न आला कुठून?

४. कान फेरोईजमध्ये 'ऑयरा', नॉर्वेजियनमध्ये 'ओरे' किंवा 'ओयरे'. डोळा आणि कान दिसायला भावंडं वाटतात. हा योगायोग की काही नातं आहे?

५. आपल्या 'अक्षि'शी याचा संबंध लावतात. ध्वनींच्या दृष्टीने तो बसतो का? अक्षिमध्ये ना औ आहे, ना ग.

---

ध्वनिमुद्रा

फेरोईजपुरतं मी लिहितो. व्युत्पत्तीवर इथले बाकीचे तुटून पडतीलच.

एयगा नपुंसकलिंगी आहे. तुमच्या निम्म्या चुका या एकाच ठिकाणाहून निघाल्या आहेत. फेरोईजमध्ये आकारान्त नामांचा मोठा गठ्ठा स्त्रीलिंगी असतो, त्यामुळे गेन्ताच्या साच्यात एयगा कोंबायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण आकारान्त नपुंसकलिंगी नामांचा एक चिमुकला गट आहे आणि त्याचे ठळक सदस्य अवयवच आहेत: एयगा, ऑयरा (कान), ह्यार्ता (हृदय). हे तीन घोटले की गट हातात आला.

एकवचनात प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी चारही ठिकाणी 'एयगा'च. फरक पडतो तो निश्चित रूपात: प्रथमा-द्वितीया एयगाध, चतुर्थी एयगानुम, षष्ठी एयगान्स.

अनेकवचन: प्रथमा-द्वितीया एयगू, चतुर्थी एयगुम, षष्ठी एयग्ना. निश्चित: एयगुनी, चतुर्थीत एयगुनुम, षष्ठीत एयग्नान्ना.

षष्ठीची रूपं पाठ करण्यात वेळ घालवू नका. बोलण्यातून षष्ठी जवळजवळ गेली आहे, तिचं काम शब्दयोगी अव्ययं करतात. तरी एक रूप सोडू नका, ते म्हणजे एयग्ना. समासात ते ठणठणीत जिवंत आहे: नेत्रतज्ज्ञ म्हणजे 'एयग्नालेक्नी'. समास एकवचनी 'एयगा-' लावून करायला गेलात तर रूप परकं वाटेल.

ह्यार्ताचं अनेकवचन 'ह्योर्तू' होतं. पुढच्या ऊमुळे मागचा आ बदलतो. एयगा-एयगूमध्ये असा बदल दिसत नाही, कारण तिथे मागे आ नसून 'एय' हा जोडस्वर आहे आणि त्याच्यावर या नियमाचा अंमल चालत नाही. 'अनेकवचनात स्वर बदलतो' एवढंच लक्षात ठेवून काही जण डोळ्यालाही नसता बदल चिकटवतात.

आता उच्चार. यात लेखनाने चकवा दिला आहे. एयगामधला ग उच्चारला जात नाही. दोन स्वरांमध्ये तो गळतो आणि त्याच्या जागी य सरकतो, म्हणून ऐकू येतं ते 'एइया'. एयगू म्हणजे 'एइयू'. शेवटचा एद तर मुकाच, त्यामुळे 'एयगा' (एक डोळा) आणि 'एयगाध' (तो डोळा) कानाला अगदी सारखे लागतात. बोलताना निश्चित की अनिश्चित हे संदर्भावरून आणि विशेषणावरून ठरतं. चतुर्थीचा शेवटचा म बहुतेक बोलींत न होतो, म्हणून एयगुम कानावर 'एइयुन' असं पडतं. एयग्नामध्ये मात्र ग ला लागून न आहे, तिथे तो गळत नाही, चांगला कडक ऐकू येतो.

न उच्चारायची अक्षरं लिहायची कशाला? कारण आजची लेखनपद्धती व्हेन्सेस्लाउस उलरिकुस हामेर्सहाइम्ब यांनी १८४६ मध्ये मांडली ती कानाऐवजी व्युत्पत्तीवर नजर ठेवून. प्राचीन नॉर्सशी नातं डोळ्यांना दिसावं हा हेतू. विद्यार्थ्याला हे जड जातं, पण व्युत्पत्ती शोधणाऱ्याला ग आणि एद आयते मिळतात.

आणखी एक खड्डा: 'एइ', 'एय' आणि 'ऑय' ही फेरोईज लेखनात तीन वेगळी जोडाक्षरं आहेत. पहिल्याचा उच्चार 'आइ', दुसऱ्याचा 'एइ', तिसऱ्याचा 'ऑइ'. 'एक डोळा' लिहिताना 'एइत्त एयगा', पण म्हणताना साधारण 'आइत एइया'.

तुमचं दुसरं वाक्य. 'ई' (मध्ये) हे अव्यय दोन विभक्त्या घेतं. गती असेल तर द्वितीया, स्थिती असेल तर चतुर्थी:

'एग फेक्क ऑक्कुर्त ई एयगाध': माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं. बाहेरून आत, म्हणून द्वितीया.

'एग हावी ऑक्कुर्त ई एयगानुम': माझ्या डोळ्यात काहीतरी आहे. आधीच आत आहे, म्हणून चतुर्थी.

तुम्ही 'आहे'च्या वाक्यात 'गेलं'ची विभक्ती लावलीत. नॉर्वेजियनमध्ये दोन्हीकडे 'ई ओयेत'च असतं, त्यामुळे नॉर्वेजियनकडून फेरोईजकडे येणाऱ्याची हीच चूक हमखास होते.

विशेषणही नपुंसकलिंगीच लावायचं: 'ब्लात्त एयगा' (निळा डोळा), 'ब्ला एयगू' (निळे डोळे). निश्चित करताना दोन्हीकडे खूण लागते: 'ताध ब्लाआ एयगाध', 'तेय ब्लाऊ एयगुनी'. दोन डोळे म्हणजे 'त्वेय एयगू', कारण दोन या संख्येलाही लिंग आहे. प्राचीन नॉर्समध्ये हे नपुंसकलिंगी दोन 'त्वाउ' होतं. आउगाचा एयगा झाला तसाच त्वाउचा त्वेय झाला. जुना 'आउ' फेरोईजमध्ये 'एय' होतो, हा नियम या दोन शब्दांवरून कायमचा लक्षात राहतो.

---

अनङ्

प्रश्न ४ आणि ५ एकमेकांत अडकलेले आहेत, एकत्र सोडवू.

मूळ इंडो-युरोपीय धातूचा अर्थ 'पाहणे' आणि त्याचा गाभा म्हणजे ओठ गोल करून उच्चारलेला एक क. लॅटिन 'ओकुलुस', लिथुएनियन 'आकिस', जुनं स्लाव्ह 'ओको', संस्कृत 'अक्षि' ही सगळी त्याची संतती. क्षमधला ष हा मूळ धातूचा भाग नाही, तो पुढची भर आहे. त्यामुळे तुलना करताना फक्त अ आणि क पाहायचे. 'ईक्ष्' हा धातूही याच कुळातला, म्हणजे परीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण हे सगळे फेरोईज एयगाचे लांबचे भाऊबंद. आपला 'डोळा' मात्र या कुळातला नाही.

जर्मानिक शाखेत काय व्हायला हवं होतं? ऱ्हस्व ओचा अ होतो. गोल क ग्रिमच्या नियमाने (जर्मानिकमधल्या व्यंजनबदलांचा नियम) घर्षक 'ह्व' होतो. आणि आघात लगेच आधीच्या स्वरावर नसेल तर कार्ल व्हेर्नर या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने शोधलेल्या नियमाने तो घोष होऊन 'ग्व' होतो. म्हणजे 'अग्व-' अशा रूपाची अपेक्षा. हाती मात्र येतं 'औग-': गॉथिक 'औगो', जर्मन 'आउगे', नॉर्स 'आउगा'. ग जागेवर आहे, जास्तीचा आहे तो औ.

या औची दोन स्पष्टीकरणं देतात. एक, ग्वमधला व पुढून मागे सरकला आणि अच्या गळ्यात पडला. दुसरं, आणि मला हेच पटतं, कानाने डोळ्याला आपल्याकडे ओढलं. कानाच्या मूळ शब्दात औ अस्सल आहे: लॅटिन 'औरिस', लिथुएनियन 'औसिस', गॉथिक 'औसो'. डोळा आणि कान ही बोलण्यातली जोडी, दोघेही नपुंसकलिंगी, दोघांची रूपं एकाच साच्यात चालतात. अशा जोड्यांमध्ये एकाचा स्वर दुसऱ्याला लागणं भाषांमध्ये नवं नाही. तेव्हा तुमची 'भावंडं' ही शंका बरोबर आहे. फक्त ही जन्माची भावंडं नाहीत, शेजारी राहून एकमेकांसारखी दिसू लागलेली आहेत.

आता ग. व्हेर्नरच्या नियमासाठी आघात प्रत्ययाकडे हवा. 'अक्षि'चा आघात तर पहिल्या 'अ'वर. मग?

उत्तर संस्कृतच्याच तिरप्या (तृतीयेपासून पुढच्या) रूपांत आहे. अक्षि, पण तृतीयेत अक्ष्णा, षष्ठीत अक्ष्णः, अक्ष्णाम्. प्रथमेत न दिसणारा न इथे उगवतो. पाणिनीने यासाठी स्वतंत्र सूत्र केलं आहे (७.१.७५): अस्थिदधिसक्थ्यक्ष्णामनङुदात्तः. हाड, दही, मांडी, डोळा या चार शब्दांना 'अनङ्' हा आदेश होतो (शेवटच्या इ च्या जागी 'अन्' येतो) आणि तो उदात्त असतो, म्हणजे आघात त्याच्यावर पडतो. चारांत तीन अवयव आहेत, दही मध्येच कुठून आलं ते असो. 'उदात्त' हा शब्द इथे महत्त्वाचा: हा आदेश होतो त्या रूपांत आघात मुळावरून निसटून पुढे जातो. वेदातलं तृतीयेचं अनेकवचन 'अक्षभिः' (ऋग्वेद १.८९.८) अनेकांच्या तोंडात आहे, 'भद्रं कर्णेभिः'च्या पुढच्याच चरणात येतं. तिथे आघात क्षमधल्या 'अ'वर आहे, पहिल्या 'अ'वर नाही. म्हणजे जर्मानिक ग ज्या आघाताची मागणी करतो, तो वेदात जिवंत दिसतो. आणि त्या ऋचेतही कान-डोळ्यांची जोडी आहेच.

न हा दुसरा दुवा. जर्मानिकमध्ये डोळा, कान, हृदय ही तिन्ही नामं नकारान्त नपुंसकलिंगी साच्यात गेली. गॉथिकमध्ये अनेकवचनं बघा: औगोना, औसोना, हैर्तोना. नॉर्समध्ये हा न बहुतेक रूपांतून झिजला, पण षष्ठी अनेकवचनात टिकला: आउग्ना. ध्वनिमुद्रांनी वर जपायला सांगितलेलं 'एयग्ना' ते हेच. एयग्ना आणि अक्ष्णाम् शेजारी ठेवून बघा.

इथे एक लगाम घालतो. हा जर्मानिक न आणि संस्कृतचा न एकच का, यावर एकमत नाही. जर्मानिकने हा साचा इतर अनेक नामांनाही लावला, त्यामुळे डोळ्यातला न वारशाने आला असं म्हणणारे आहेत, तसा तो नंतर साच्याबरोबर आला असं म्हणणारेही आहेत. आघाताचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो.

---

विभक्तिवेडा

दही वाचून हसू आलं. पण एक गोष्ट अजून जुळत नाही. जर्मानिकमध्ये डोळा आणि कान दोघांतही औ होता, तर फेरोईजमध्ये एक 'एय' आणि दुसरा 'ऑय' कसा? दोघांचा एयच व्हायला हवा होता ना?

---

ध्वनिमुद्रा

चांगला मुद्दा, मी तो वर गिळला होता. नॉर्समध्येच दोघांची वाट फुटली. कानाच्या शब्दात औनंतर झ सारखा ध्वनी होता (तोही व्हेर्नरच्याच नियमाने आलेला). नॉर्समध्ये त्याचा एक खास तालव्य र झाला आणि त्या र ने आधीच्या 'आउ'ला ओढून 'एय' केलं. म्हणून प्राचीन नॉर्समध्ये आउगा पण एयरा.

नंतर फेरोईजने पंगत एकेक पाट पुढे सरकवली: जुना आउ → एय, जुना एय → ऑय. आउगा एयगा झाला, एयरा ऑयरा झाला. फेरोईज एयगामध्ये 'एय' दिसतो म्हणून तो नॉर्सच्या 'एय'शी जोडू नका, घोटाळा तिथेच होतो.

हाच नियम डोळ्याच्याच कुटुंबात दुसऱ्या वाटेने दिसतो. 'निळ्या डोळ्यांचा' या विशेषणात प्रत्ययातल्या जुन्या इमुळे नॉर्समध्येच आउचा एय झाला होता, त्यामुळे फेरोईजमध्ये तो 'ब्लाऑयग्दुर' झाला. नाम एयगा, विशेषण -ऑयग्दुर. कोशात एकाखाली दुसरं शोधलं तर मिळणार नाही.

जाता जाता: 'ऑयरा' हे क्रोनाच्या शंभराव्या भागाचंही नाव आहे, शंभर ऑयरू म्हणजे एक क्रोना. नॉर्वेजियनमध्येही कान आणि नाणं दोन्ही 'ओरे'. नाण्याचा शब्द लॅटिन 'औरेउस'वरून, म्हणजे सोन्यावरून आला असं मानतात. कानाशी संबंध नाही.

---

उत्तरवारा

नॉर्वेजियनची बाजू. इथे आधी 'कुठलं नॉर्वेजियन' हे ठरवावं लागतं, कारण लेखनाची प्रमाणरूपं दोन आहेत, बुकमोल आणि न्यूनोर्स्क, आणि डोळ्याच्या बाबतीत दोघांचं घराणंच वेगळं.

बुकमोल डॅनिश लेखनपरंपरेतून आलं. पूर्व नॉर्समध्ये (डॅनिश, स्वीडिश) जुना आउ जोडस्वर चपटा होऊन नुसता 'ओ' झाला: डॅनिश ओये (तिथे मधलं अक्षर जे), स्वीडिश ओगा. न्यूनोर्स्कची उभारणी इवार ओसेन यांनी एकोणिसाव्या शतकात ग्रामीण बोली गोळा करून केली, आणि त्या बोलींत पश्चिम नॉर्सचा जोडस्वर शाबूत होता, म्हणून 'आउगे'. नॉर्वेच्या संसदेने १८८५ मध्ये दोन्हींना समान दर्जा दिला, तेव्हापासून डोळा अधिकृतपणे दोन प्रकारे लिहिला जातो.

गंमत अशी की बुकमोलच्या 'ओये'तला जोडस्वर जुन्या आउचा नव्हे. तो आधी ओ झाला, मग पुढचा ग मवाळ होऊन य झाला आणि ओ+य मिळून नवा जोडस्वर तयार झाला. फेरोईजमध्येही ग चा य झाला, पण वेगळ्या वाटेने. दोन्हीकडे शेवटी य च ऐकू येतो म्हणून बदल एकच समजू नये.

बुकमोलची रूपं: एत ओये, ओयेत, ओयने, ओयनेने.

'ओयेत'चा शेवटचा त मुका आहे. म्हणजे 'ओये' आणि 'ओयेत' कानाला सारखेच. फेरोईज एयगा-एयगाधचीच कथा! आणि हा योगायोगही नाही: दोन्ही मुकी अक्षरं एकाच नॉर्स प्रत्ययातून आलेली आहेत, 'आउगात'मधल्या त मधून. दोन भाषांनी तो बोलण्यातून टाकला, लिहिण्यात ठेवला, फक्त एकीने एद लिहिला आणि दुसरीने त.

'ओयने'तला न हा अनङ् यांनी सांगितलेल्या नकारान्त साच्याच्या बाजूचा पाहुणा. डॅनिश ओयने, स्वीडिश ओगोन यांतही तो आहे. आजच्या बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो निव्वळ अपवाद, पाठ करायचा. कानाने नियमित 'ओरेर' स्वीकारलं, डोळ्याने नाही. वापर जितका जास्त तितका अपवाद चिवट, असं म्हणायला हरकत नाही, पण मग कानाचा वापर कमी कसा, याचं उत्तर द्यावं लागेल!

'ओयेर' टाळायचं खरं कारण व्यवहारातलं आहे. 'ओय' म्हणजे बेट, त्याचं अनेकवचन 'ओयेर'. ही जोडी नीट पाहून ठेवा:

बेट: ओय, ओया, ओयेर, ओयेने.
डोळा: ओये, ओयेत, ओयने, ओयनेने.

'ओयेने' (ती बेटं) आणि 'ओयनेने' (ते डोळे) यांत फक्त एका न चा फरक. फेरो बेटांचं नॉर्वेजियन नाव 'फेरओयेने'. त्यात डोळा शोधू नका, ती बेटंच आहेत. शिवाय 'ओयने' हे क्रियापदही आहे, ओझरतं दिसणे या अर्थाचं, त्यामुळे वाक्यात ओयने दिसलं की नाम आहे का ते आधी तपासा.

न्यूनोर्स्कमध्ये दोन संच मान्य आहेत. एक: एइत आउगे, आउगेत, आउगे, आउगा. दुसरा, जुन्या वळणाचा: एइत आउगा, आउगा, आउगो, आउगो. संच मिसळले की वाचणाऱ्याची पंचाईत होते, कारण 'आउगा' पहिल्या संचात 'ते डोळे' आहे आणि दुसऱ्यात 'डोळा' किंवा 'तो डोळा'. एक धरा, दुसरा फक्त ओळखता येईल एवढा ठेवा. दुसऱ्या संचातला ओ हा फेरोईज एयगूच्या ऊचा सख्खा भाऊ.

समासांत जुनी षष्ठी इथेही लपलेली आहे. न्यूनोर्स्कमध्ये क्षण म्हणजे 'आउग्नेब्लिंक'. यातलं आउग्ने- म्हणजे नॉर्स आउग्ना. बुकमोलमध्ये 'ओयेनब्रीन' (भुवई) मधला न त्याच जातीचा, पण 'ओयेब्लिक्क' (क्षण) आणि 'ओयेलेगे' (नेत्रतज्ज्ञ) यांत न नाही. नियम बसवायच्या फंदात पडू नका, शब्दागणिक पाहावं लागतं. क्षणाला डोळ्याची उपमा देणं आपल्याला परकं नाही, 'निमिष' म्हणजे पापणीची उघडझापच.

वाक्प्रचारांत लिंग-वचन विसरून शब्द गोठतो, तेही पाहून ठेवा. 'फॉ ओये पॉ' (नजरेस पडणे) यात ओये एकवचनी आणि उपपदाशिवाय. फेरोईज 'फाआ एयगा आ' शब्दाला शब्द तसंच. पण 'खासगीत, दोघांतच' यासाठी नॉर्वेजियन म्हणतात 'उन्नेर फीरे ओयने', चार डोळ्यांखाली. (लेखनात 'उन्देर', बोलताना द गळतो.) आणि 'ब्लॉओय्द' म्हणजे शब्दशः निळ्या डोळ्यांचा, पण व्यवहारात भोळसट! फेरोईज ब्लाऑयग्दुर वाचताना हा अर्थ डोक्यात नेऊ नका, तो वर्णन म्हणूनच वाचा.

---

गवाक्ष

नावामुळे राहवलं नाही. या शब्दाचा सगळ्यात लांब पोचलेला समास राहिला: नॉर्स 'विंदाउगा', वाऱ्याचा डोळा. हवा खेळण्यासाठी ठेवलेलं भोक, तेच पुढे खिडकी झालं. इंग्रजी 'विंडो' याच शब्दावरून, नॉर्स लोकांबरोबर तिकडे गेलेला.

फेरोईजमध्ये तो 'विंदेयगा' म्हणून धडधाकट आहे आणि अगदी एयगासारखा चालतो: विंदेयगाध, विंदेयगू, विंदेयगुनी, 'खिडकीत' म्हणायला 'ई विंदेयगानुम'. न्यूनोर्स्कमध्ये 'विंदाउगे'. बुकमोलने मात्र डॅनिशकडून 'विंदू' घेतला आणि त्यात डोळा इतका झिजला की रूपंसुद्धा डोळ्याची राहिली नाहीत: विंदू, विंदुएत, विंदुएर, विंदुएने. विंदूचं अनेकवचन ओयनेच्या चालीवर करायचा प्रयत्न करू नका.

जर्मानिक कुळात खिडकीला डोळा म्हणायची सवय जुनी. गॉथिकमध्ये 'औगदौरो', डोळा-दार. जुन्या इंग्रजीत डोळा-भोक अशा अर्थाचा शब्द होता, तो विंडोपुढे मागे पडला. संस्कृतने ही कल्पना दोन शब्दांत वाटून टाकली: वातायनात वारा आहे, डोळा नाही. गवाक्षात डोळा आहे, वारा नाही, आणि तो डोळाही बैलाचा. नॉर्सने दोन्ही एका शब्दात बसवलं.

---

अनङ्

गवाक्षातला 'अक्ष' शेवटी अकारान्त झालेला आहे हे लक्षात घ्या. समासाच्या शेवटी अक्षिचं अक्ष होतं, म्हणून गवाक्ष, प्रत्यक्ष, समक्ष. म्हणजे संस्कृतमध्ये समासात गेल्यावर डोळा इ टाकतो आणि 'न'सुद्धा गमावतो. फेरोईजमध्ये उलटं: एयग्नालेक्नीत डोळा पुढे उभा राहतो आणि न तिथेच शिल्लक राहतो.

---

विभक्तिवेडा

सगळ्यांचे आभार. यादी दुरुस्त केली. तपासायला पाच वाक्यं:

फेरोईज: 'एग हावी ऑक्कुर्त ई एयगानुम' (डोळ्यात काहीतरी आहे).
फेरोईज: 'हॉन हेवुर ब्ला एयगू' (तिचे डोळे निळे आहेत).
फेरोईज: 'लात एयगुनी आफ्तुर' (डोळे मीट).
नॉर्वेजियन: 'हुन हार ब्लॉ ओयने' (तिचे डोळे निळे आहेत).
नॉर्वेजियन: 'लुक्क ओयेने' (डोळे मीट).

---

उत्तरवारा

पहिली चार बिनचूक. 'डोळे मीट' म्हणताना 'तुझे' न लावता नुसतं निश्चित रूप वापरलंत तेही बरोबर, दोन्ही भाषांत मराठीसारखंच चालतं.

पाचव्यात एक न राहिला. 'लुक्क ओयनेने' हवं. सध्या तुम्ही बेटं मिटायला सांगताय.